गाणे आपले, हक्क कोणाचा?



कष्टाने बांधलेल्या घरात कोणी न विचारता राहू लागला, तर आपण गप्प बसणार नाही. मग स्वतः रचलेले गाणे इंटरनेटवर टाकताना आपले तरुण कलावंत इतके बेफिकीर का असतात?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्यानुसार एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा हक्क कवीचा, चालीचा संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याचा. नोंदणी सक्तीची नाही. पण वाद उद्भवला तर पुरावा म्हणून ती कामी येते. शब्द व चाल यांवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

यूट्यूबवर गाणे चढवताना आपण ते वापरण्याची परवानगी देतो. मालकी आपल्याकडेच राहते. जाहीर केले म्हणजे दान केले, असे नव्हे.

खरा धोका करारात असतो. हक्क सोपवण्याचा करार लेखीच लागतो. त्यात मुदत नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो. प्रदेश नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीतील वाट्याला संरक्षण दिले आहे. तरीही न वाचता सही करणारा पुढे कज्ज्यात अडकतो.

म्हणून मसुदे तारखेसह जपा. साथीदारांचे वाटे आधीच लिहून ठेवा. आणि दुसऱ्याची चाल विनापरवाना उचलू नका. आपला हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचाही राखला पाहिजे.