स्वागताध्यक्षांचे भाषण



पुसेगावात आपलं स्वागत. हे सेवागिरी महाराजांचं साताऱ्याचं पुसेगाव नव्हे. पत्रिकेवर हिंगोली जिल्हा, सेनगाव तालुका असं ठळक छापूनही काही पाहुणे साताऱ्याची गाडी विचारत होते, म्हणून हा खुलासा.

आमचा मुलूख संतांचा. नामदेवरायांची नरसी आमच्याच जिल्ह्यात. त्यांच्या कीर्तनासाठी औंढ्याच्या नागनाथाचं देऊळ फिरलं आणि नंदी पाठीमागे राहिला, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. एवढं दगडी देऊळ पायासकट कसं फिरलं, हे कृपया तपासू नका!

पण मला आठवण काढायचीय आमच्या पाणाडी आबांची. लोक त्यांच्या हातातल्या नारळाकडं बघायचे. आबा बघायचे उंबर, वारूळ आणि ओढ्याचं वळण. वडार मंडळी घणाच्या आवाजावरून सांगायची, खाली मांजऱ्या खडक आहे की काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. पाणी त्यांच्या भेगांत आणि सांध्यांत, म्हणून एकाची विहीर तुडुंब अन् बांधाशेजारी खडखडाट. आबांच्या नावाची पाटी लावावी, असा विषय मी ग्रामपंचायतीत मांडलाय. तो दरवेळी पुढच्या बैठकीत जातो.

आता या भूशास्त्र परिषदेविषयी. औंढ्याजवळ दुधाळ्याला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा होतेय. २०२३ साली केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. शांत जमीन म्हणून जागा निवडली, आणि १० जुलै २०२४ ला ४.५ रिश्टरच्या धक्क्यानं आमची भांडी वाजली! म्हणजे भूशास्त्र शिकणाऱ्यांना काम भरपूर आहे. धरणं, बोगदे, भूजल, १८५१ पासूनचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. मात्र यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या सिव्हिलच्या बी.ई.वर भागत नाही. नांदेडच्या विद्यापीठातही भूशास्त्र शिकता येतं. बाकी तज्ज्ञ सांगतील.

उणिवा पदरात घ्या. खोल्या कमी पडल्या, काहींची सोय शाळेच्या वर्गात आहे. मंडपाला एका बाजूनं ऊन लागतंय. गाद्या देणारे मंडपवाले, डाळ-तांदूळ देणारे आडते, हळद देणारे शेतकरी, पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, सगळ्यांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल तर रागावू नका, जेवताना भेटा.

आणि परिषदेसाठी घेतलेली बोअर कोरडी गेली. इतके भूशास्त्रज्ञ येणार होते, चार दिवस थांबलो असतो तर बरं झालं असतं, असं सरपंच म्हणतात. टँकर एक वाजता येईल. तोवर हात धुताना पाणी जपून वापरा.