धुतलेले मीठ

(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आज धडा नाही. पाट्या बाजूला ठेवा. आज आम्ही तुमच्याशी नुसते बोलणार आहोत.

मागच्या आठवड्यात आपल्यातल्या एका भाऊंनी विचारले, "मास्तर, अक्षर तर आले. आता तंबाखू सुटायचा एखादा धडा आहे का?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही मनातून जाईना.

सवय लागते कशी, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे? भिवंडीत मागावर रात्रपाळी असते. डोळा लागला की धागा तुटतो. धागा तुटला की कापड बिघडते आणि मजुरी कापली जाते. म्हणून शेजारचा म्हणतो, "घे थोडी, झोप जाईल." पहिली चिमूट झोप घालवायला, दुसरी सोबत म्हणून. पुढे झोप नसली तरी हात खिशाकडे जातोच. आयाबायांची मिसरी तशीच. दात दुखतो म्हणून सुरू होते. दात पडून जातो, मिसरी राहते. गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 साली बंदी आली. तरी पुडी कुठे मिळते, ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. कायद्याने दुकान बंद होईल, जिभेचे काय?

पण काही सवयी तोंडात नसतात, मनात असतात. त्या दिसत नाहीत, त्यांचा वासही येत नाही. उलट त्या सवयींना लोक चांगले वळण म्हणतात. अशा एका सवयीची खरी हकिकत आज सांगतो.

लक्ष्मीबाई टिळक हे नाव काहींनी ऐकले असेल. या बाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळ जलालपूरचा. शाळेत त्या एक दिवस गेल्या नाहीत. लिहिणे-वाचणे शिकल्या ते लग्नानंतर, तुमच्यासारखेच. आणि म्हातारपणी त्यांनी आपल्या आयुष्याची हकिकत लिहिली. तिचे नाव 'स्मृतिचित्रे'. मराठीत असे पुस्तक दुसरे नाही, असे मोठमोठे विद्वान म्हणतात. आम्हांलाही तसेच वाटते, मग आम्ही मॅट्रिकच का असेनात.

तर या बाईंच्या माहेरी सोवळे भयंकर होते. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्याने बाईंच्या वडिलांच्या मनात विटाळाचे भय शिरले, ते कायमचे. बाहेरून येईल ती वस्तू धुवायची. धान्य धुवायचे. इतकेच काय, मीठसुद्धा धुवायचे! आता मीठ धुतले तर हातात काय उरते, ते या समोरच्या आयांना विचारा. घरातल्या बायकांचे हाल किती झाले असतील, तेही त्याच सांगतील.

मंडळी, हसू येते खरे. पण थोडे थांबून पाहा. हे वडील वेडे नव्हते, दुष्टही नव्हते. त्यांना भीती वाटत होती. भीतीवर औषध म्हणून ते धुणे सुरू झाले. औषध भीतीपेक्षा जड झाले, तरी हात थांबेना. दारू पिणाऱ्याचेही असेच असते, नाही का? दुःख विसरायला पहिला पेला घेतला जातो, आणि मग त्या पेल्याचेच दुःख सगळ्या घराला होते.

अशा घरातली ही मुलगी. अकराव्या वर्षी, 1880 साली तिचे लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक. टिळक लहानपणी कल्याणच्या शाळेत होते. म्हणजे आपल्या भिवंडीहून दुर्गाडीची खाडी ओलांडली की आलेच. टिळक पुढे मोठे कवी झाले. माणूस मनाने उदार, पण अति तापट. एका जागी टिकणे नाही. आज ही नोकरी, उद्या ती.

1893 साली टिळक आगगाडीने राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा साहेब होता. गप्पा झाल्या. साहेबाने त्यांना बायबल वाचायला दिले. टिळकांनी ते वाचले, मनाशी घोळवले, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले.

बाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत, पण बाटला. लोकांच्या लेखी मेल्याहून वाईट. बाई चार-पाच वर्षे नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. काही काळ त्या लहान मुलाला घेऊन पंढरपुरात होत्या. पुढे मनाचा हिय्या करून त्या नगरकडे नवऱ्याकडे आल्या. आल्या, पण सोवळे घेऊनच आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. एका छपराखाली दोन घरे.

इथे टिळकांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली. एरवी इतका तापट माणूस, पण इथे त्यांनी जबरदस्ती केली नाही. "तू माझ्या देवाला मान" असे म्हणून हात ओढला नाही. बाईंचे सोवळे बाईंच्याकडे राहू दिले. आपण काय करतो? बायको मिसरी सोडत नाही म्हणून डबी उकिरड्यावर फेकतो. दुसऱ्या दिवशी नवी डबी येते, ती आता लपवून ठेवलेली असते. सवयीला चोरीची जोड मिळते, एवढाच फरक पडतो.

बाई आपल्या आपण विचार करू लागल्या. या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर गाय आणि घोडा जसे वेगळे ओळखू येतात, तशी माणसे नुसती पाहून वेगळी ओळखता आली असती. तशी ती येत नाहीत. मग हे काम माणसाचेच. माणसाने बांधले ते माणसाला सोडता येईल. एकदा हे पटले, आणि मग हळूहळू एकेक गाठ सुटत गेली. 1900 साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी. ज्या मुलीच्या माहेरी मीठ धुवत, त्याच बाईच्या घरी पुढे कुठल्याकुठल्या जातीची पोरकी मुले येऊन राहिली, तिच्या हातचे जेवली.

आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. कुणी ख्रिस्ती व्हावे म्हणून हे सांगत नाही. शिवाय चर्चमध्ये गेले म्हणजे जात गळून पडते असेही नाही. ख्रिस्ती झालेल्या लोकांतही जातीचे भेद पुष्कळ ठिकाणी राहिले, हे खरे आहे. मग या बाईंना त्या श्रद्धेने काय दिले, ते समजून घेतले पाहिजे.

बायबलात एक गोष्ट आहे. येशू दुपारी एका विहिरीवर थकून बसला होता. शोमरोनी लोकांची एक बाई पाणी भरायला आली. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी भांड्याचा व्यवहार करीत नसत. येशू यहुदी. तरी तो तिला म्हणाला, मला प्यायला पाणी दे. ती चकितच झाली. तुम्ही माझ्याकडे पाणी कसे मागता, असे तिने विचारले.

पाहा हं, त्याने तिला पाणी दिले नाही, तिच्याकडे मागितले. देणाऱ्याचा हात वर राहतो. मागणाऱ्याला आपला हात खाली धरावा लागतो. ज्याचा देवच असा हात खाली धरतो, त्याने वेगळी चूल कशी मांडावी? बाईंना नुसते "सोवळे सोडा" असे कुणी म्हणाले असते तर हात रिकामा राहिला असता. रिकामा हात पुन्हा जुन्या जागी जातो. त्यांना सोवळ्याच्या जागी प्रेम करायला कुणीतरी मिळाले, आणि जेवू घालायला माणसे मिळाली.

आणि टिळकांचा राग? तो बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन निघाला असे बाई कुठे लिहीत नाहीत. टिळक चिडत, घर डोक्यावर घेत, आणि मग पस्तावत. बाईंनी ते सगळे हसतहसत, पण काही न झाकता लिहिले आहे. म्हणून आमचा त्या पुस्तकावर विश्वास आहे. एका दिवसात माणूस देव झाला, असे सांगणाऱ्या पुस्तकावर आम्ही इतक्या सहज विश्वास ठेवत नाही.

आता आमचे ऐका. सांगायला जड जाते, पण सांगतो.

आम्ही शाळेत वर्षानुवर्षे शिकवले की सर्व माणसे समान. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले. पोरांकडून पाठ करून घेतले. आणि आमच्या स्वतःच्या घरी पडवीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप होता. आमच्या अंगणात काम करायला एक म्हातारेबुवा येत, त्यांच्यासाठी. चहा झाला की ते स्वतःच कप विसळून कोनाड्यात पालथा घालीत. त्यांना कुणी सांगितले नव्हते. आम्हालाही कुणी सांगितले नव्हते. आमच्या आईपासून ते तसेच चालत आले होते.

'स्मृतिचित्रे' आम्ही तरुणपणी वाचले होते. मीठ धुण्याच्या जागी पोट धरून हसलो होतो. चाळिशीत पुन्हा वाचायला घेतले. तेच पान आले आणि बाहेर पडवीत कप विसळल्याचा आवाज आला. तेव्हा मात्र हसू आले नाही.

त्या संध्याकाळी आम्ही घरी म्हटले, "हा कप आता टाकून देऊ." आमचे कुटुंब म्हणाले, "अहो, टाकायचा कशाला? आपणच त्यात पिऊ या." आम्हांला हे सुचले नव्हते. दुसऱ्या सकाळी म्हातारेबुवांना आमच्या कपात चहा दिला आणि आम्ही तो तुटका कप हातात घेतला. खोटे कशाला बोलू? पहिला घोट घशाखाली उतरेना. समानतेवर भाषणे करणारे आम्ही, आणि घसा ऐकेना. बुवा आमच्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "मास्तर, राहू द्या. सवय नाही तुम्हांला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यानेच जास्त लागले.

रोज प्यालो. महिना-दीड महिना लागला असेल. मग कपाकडे लक्ष जाईनासे झाले.

म्हणजे मन वळते आधी आणि शरीर मागून येते. मधले दिवस फार वाईट असतात. त्या दिवसांत माणूस एकटा पडला तर परत फिरतो. दारूच्या बाबतीत तर हे अगदी खरे आहे. अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावी 1935 साली दोन दारुडे एकत्र आले. एक व्यापारउदीम करणारा, बिल विल्सन. दुसरा डॉक्टर, बॉब स्मिथ. दोघेही एका ख्रिस्ती मंडळात जात. तिथे आपल्या चुका दुसऱ्यापुढे कबूल करायच्या, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करायची, अशी रीत होती. त्यांना एक कळले. एक दारुडा दुसऱ्या दारुड्याला सांभाळू लागला की दोघेही त्या दिवशी पीत नाहीत. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हे मंडळ निघाले. लोक त्याला नुसते 'एए' म्हणतात. त्यांच्या सभा आपल्या महाराष्ट्रात मराठीतून होतात. फी नाही. आडनाव, जात, धर्म विचारत नाहीत. देव मानायचा, पण ज्याला जसा उमगेल तसा. आणि शपथ जन्मभराची नाही, फक्त आजच्या दिवसाची. उद्याचे उद्या पाहू.

आमच्या ओळखीचा मागावरचा एक कारागीर अशा सभेला जाऊ लागला. गावदेवीपुढे नारळ ठेवून त्याने सात वेळा दारू सोडली होती आणि सात वेळा धरली होती. सभेला जाऊ लागल्यावरही तो दोनदा घसरला. तिसऱ्यांदा टिकला. आम्ही विचारले, "अरे, तिथे काय वेगळे होते?" तो म्हणाला, "मास्तर, घसरलो ते तिथे सांगता येत होते. घरी सांगता येत नव्हते."

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर हात कापतात, भास होतात, कधी झटकेही येतात. जीवही जाऊ शकतो. म्हणून त्याला आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथे औषध मिळते. भूत लागले म्हणून भगताकडे नेऊन वेळ घालवू नका.

ज्या भाऊंनी प्रश्न विचारला, त्यांना आमचे उत्तर एवढेच की असा धडा आमच्याकडे नाही. पण तुम्हांला सोडायची असेल तर रोज वर्गाला येताना आमच्या दारावरून या. सोबत चालत येऊ. खाल्ली असेल तर खाल्ली म्हणून सांगा, आम्ही रागावणार नाही. आमचाही स्वभाव तापटच आहे, तेव्हा रागावलो तर तुम्ही आम्हांला सांगा.

पुढच्या बुधवारी 'स्मृतिचित्रे' घेऊन येतो. ते मिठाचे पान आपण वाचू. या पुढच्या रांगेतल्या मावशींना आता जोडाक्षरे येतात. सुरुवात त्यांनी करावी.