डॅनियलचा घट प्रयोगशाळेंत कसा मांडावा



परीक्षेंत डॅनियलच्या घटाची आकृति सुबक काढणारे, पण तो प्रत्यक्ष कधीं न पाहिलेले विद्यार्थी मला पुष्कळ भेटले. हा घट मांडावयास अर्धा तास पुरतो. म्हणून कपाटाला लागलेलीं कुलुपें पाहिलीं म्हणजे वाईट वाटतें.

१८०० सालीं व्होल्टा यांनीं जाहीर केलेल्या चळतींत हायड्रोजनचे बुडबुडे सांचून प्रवाह लवकरच मंदावे. लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील प्राध्यापक डॅनियल यांनीं १८३६ त तांब्याभोंवतीं मोरचुदाचें पाणी ठेविलें. मग तेथें वायूऐवजीं तांबेंच बसूं लागलें. मधला पडदा म्हणून त्यांनीं आरंभीं बैलाची अन्ननलिका वापरली होती! आपल्याला झिलई नसलेली लहानशी कुंडी चालेल. तिचें भोंक मात्र मेणानें बुजवावें आणि ती आधीं पाण्यांत भिजवून घ्यावी.

कांचपात्रांत २५ ग्रॅम मोरचूद विरघळवून १०० मिलिलिटर द्रव करावा व त्यांत घासून लख्ख केलेला तांब्याचा पत्रा उभा करावा. कुंडींत जस्ताची पट्टी आणि झिंक सल्फेटचा द्रव. त्याचें प्रमाण तितक्याच द्रवास सुमारें २९ ग्रॅम. जुन्या पुस्तकांत जस्ताला पारा चोळावयास सांगितलें आहे. तें मुळींच करूं नये. पाऱ्याची वाफ विषारी असते.

“मास्तर, कुंडी काढून टाकली तर?” असें मुलें हटकून विचारीत. मी त्यांना ती काढूं देत असें. पाहतां पाहतां जस्तावर काळपट थर चढे. तांब्याचे आयन जस्तालाच भिडून तेथल्या तेथें इलेक्ट्रॉन घेत. तारेच्या वाटेनें कोणी जाईना. परसदार उघडें असतां पाहुणा वळसा घेऊन ओसरीवर कशाला येईल? कुंडीची भिंत ही जवळची वाट अडवते, पण तिच्या सूक्ष्म छिद्रांतून आयन सरकतात व मंडल पुरें होतें. त्याच जागीं कांचेची भिंत घाला, प्रवाह थांबेल.

व्होल्टमापकावर सुमारें १.१ व्होल्ट दिसतील. एवढ्यानें तांबडा एलईडी दिवा पेटत नाहीं. त्याला साधारण १.८ व्होल्ट लागतात. पहिल्या घटाचें तांबें दुसऱ्याच्या जस्ताला जोडावें, म्हणजे तो मिणमिणूं लागतो. वर्गांतला गलका तेव्हां ऐकावा!

काम संपतांच कुंडी बाहेर काढावी. द्रव वेगळ्या बाटल्यांत, नांवें लिहून ठेवावे. मोटारींत ओतूं नयेत, कारण मोरचूद माशांस घातक आहे. स्वयंपाकाचें भांडें प्रयोगास घेऊं नये. कुंडी मात्र पुष्कळ पाण्यांत भिजत ठेवावी, नाहींतर छिद्रांत स्फटिक धरून ती तडकते.