अकरा तालुके, बारा जर्सी



सोलापुरातून पुण्याच्या दिशेनं निघालं, की बाळे मागं पडल्यावर केगावला विद्यापीठ लागतं. पुढं कोंडी, पाकणीचा फाटा आणि मग चिंचोळी एमआयडीसी. कॅमशाफ्ट, रसायनं, औषधांचा कच्चा माल, असं बरंच काही या पट्ट्यात तयार होतं. पाळी सुटली की हायवेवर मोटारसायकलींची रांग लागते. याच रस्त्यानं सकाळी कॉलेजची मुलं शहराकडं जातात. त्यातल्या अनेकांचे वडील रात्रपाळी करून घरी झोपलेले असतात.

मला आज या मुलांच्या, आणि मुलींच्याही, बास्केटबॉलविषयी बोलायचंय. सोलापूर आणि बास्केटबॉल हे एका वाक्यात ऐकून काहींनी रेडिओचा आवाज वाढवला असेल, काहींनी स्टेशन बदललं असेल. जे राहिलेत त्यांच्याशी बोलतो.

आधी थोडा इतिहास. 2004 पर्यंत आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडं होती. तिथं कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर असे चार जिल्हे. सोलापूरच्या मुलाला विद्यापीठाची जर्सी हवी असेल तर आधी आपल्या विभागात जिंकायचं, मग आंतरविभागीय स्पर्धेत कोल्हापूर-सांगलीच्या मुलांसमोर उभं राहायचं, आणि एवढं करून निवड चाचणीत कोणाच्या तरी नजरेत भरायचं. बारा जागा आणि चार जिल्हे. मीही त्या चाचणीला उभा राहिलेला माणूस आहे. सोलापूरची चार-दोन पोरं निवडली गेली की परतीच्या एसटीत आम्ही सण साजरा करायचो.

1 ऑगस्ट 2004 ला सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. 2019 पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावानं ओळखलं जातं. एकाच जिल्ह्यासाठी काढलेलं विद्यापीठ म्हणून त्या वेळी त्याचं कौतुक झालं, आणि नाकंही मुरडली गेली. खेळाच्या बाजूनं पाहिलं तर एका रात्रीत बाराच्या बारा जर्सी अकरा तालुक्यांच्या झाल्या. करमाळ्याचा पोरगा, सांगोल्याची पोरगी, चिंचोळीच्या कामगाराचा मुलगा, सगळ्यांना छातीवर विद्यापीठाचं नाव लावायची वाट जवळ आली. ही मोठीच गोष्ट झाली, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण ज्या हिशेबानं जर्सी जवळ आली, त्याच हिशेबानं विजय लांब गेला. चार जिल्ह्यांतून निवडलेला संघ आणि एका जिल्ह्यातून निवडलेला संघ यांत फरक पडणारच. शिवाय हा एक जिल्हाही पूर्ण आपल्या वाट्याला येत नाही. सोलापुरात राहून डॉक्टरकी शिकणारा विद्यार्थी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. शेतकी शिकणारा राहुरीचा. मधल्या काळात काही अभियांत्रिकी कॉलेजं लोणेऱ्याच्या विद्यापीठाला जोडली गेली. आणि बास्केटबॉल नेमका कुठं खेळला जातो? ज्या कॉलेजला पक्कं कोर्ट आणि वसतिगृह आहे तिथं, म्हणजे बऱ्याचदा वैद्यकीय आणि अभियांत्रिकी कॉलेजांतच. सोलापूरच्या मैदानावर घडलेली मुलं नाशिक नाहीतर लोणेऱ्याच्या नावानं उतरतात. दहावीनंतर आयटीआय करून चिंचोळीतच शिकाऊ म्हणून लागलेला मुलगा तर या हिशेबात येतच नाही. तो विद्यापीठाचा विद्यार्थीच नव्हे. त्याची उडी कितीही उंच असली तरी.

उरलेल्यांतून संघ होतो आणि पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जातो. भारतीय विद्यापीठ संघ ही सगळ्या विद्यापीठांची संघटना देशाचे चार विभाग करून या स्पर्धा घेते. आपल्या पश्चिम विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश. एवढ्या पाच राज्यांतून पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात, आणि तिथले वरचे आठ पुढं खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेला. सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या. शेवटचे चार उरले की मग साखळी. समजा चौसष्ट संघ आले, तर चौघांत यायला ओळीनं चार सामने जिंकावे लागतात. मागच्या वर्षीचे बलाढ्य संघ सोडतीत वेगवेगळ्या भागांत ठेवलेले असतात. त्यामुळं छोट्या विद्यापीठाची गाठ लवकरच मुंबईशी, पुण्याशी, नाहीतर फी माफ करून देशभरातून खेळाडू जमवणाऱ्या एखाद्या खासगी विद्यापीठाशी पडते. चाळीस मिनिटांचा खेळ. हरला की सामान बांधायचं.

येताना-जाताना दोन रात्रींचा प्रवास आणि मध्ये एक सामना. कित्येक मुलांची विद्यापीठ पातळीवरची सगळी कारकीर्द एवढीच. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं होणाऱ्या अश्वमेध क्रीडा महोत्सवात राज्यातल्या विद्यापीठांना आपसांत खेळायला मिळतं, तेवढाच काय तो दिलासा.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत कॉलेजचा बास्केटबॉल म्हणजे मार्च महिन्यातलं वेड. तिथं पहिल्या श्रेणीत साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत आणि राष्ट्रीय स्पर्धेत 2011 पासून जागा अडुसष्ट. ही कॉलेजं आपापल्या गटांत खेळतात. गटाला ते कॉन्फरन्स म्हणतात. 2025 च्या स्पर्धेत एकतीस जागा एकतीस गटांच्या विजेत्यांसाठी राखून होत्या आणि उरलेल्या सदतीस निवड समितीनं भरल्या. श्रीमंत गटातलं पाचव्या-सहाव्या नंबरचं कॉलेजही समितीच्या यादीत येतं. गरीब गटाला बहुधा एकच जागा, ती विजेत्याची. गट कितीही किरकोळ असो, ही जागा कोणी हिसकावू शकत नाही.

न्यू जर्सी राज्यात फेअरली डिकिन्सन नावाचं विद्यापीठ आहे. ज्या भागात आपल्या मराठी मंडळींनी घरं घेतली, गणपती बसवले, तोच हा इलाखा. 2021-22 च्या हंगामात हा संघ बावीस सामने हरला आणि चार जिंकला. पुढच्या वर्षी नवा प्रशिक्षक आला. तो खालच्या श्रेणीतल्या एका छोट्या कॉलेजातून आला आणि येताना तिथले काही खेळाडू घेऊन आला. उंचीत हा संघ पहिल्या श्रेणीतला सगळ्यांत बुटका. गटाच्या अंतिम सामन्यात ते एका गुणानं हरले, 67-66. पण जिंकलेलं मेरिमॅक कॉलेज नुकतंच खालच्या श्रेणीतून वर आलेलं, म्हणून नियमानं अपात्र. जागा उपविजेत्याला मिळाली. आपल्याकडं असं झालं असतं तर प्रकरण कोर्टात गेलं असतं.

तर हा हरलेला, बुटका संघ 17 मार्च 2023 ला परड्यूसमोर उभा राहिला. परड्यूला स्पर्धेतल्या आपल्या विभागात अव्वल मानांकन, आणि त्यांचा मधला खेळाडू सात फूट चार इंच. फेअरली डिकिन्सननं सामना जिंकला, 63-58. सोळावं मानांकन असलेल्या संघानं पहिल्या मानांकनाला हरवण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ती दुसरीच वेळ.

ही गोष्ट सांगून लोक सहसा जिद्दीवर येतात. मला त्यातला एक आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय स्पर्धेत पाय ठेवण्यापूर्वी त्या हंगामात हा संघ चौतीस सामने खेळला होता आणि त्यातले पंधरा हरला होता. पंधरा! आपल्या बाद पद्धतीत छोट्या संघाला वर्षाला एक पराभव मिळतो. त्यांनी पंधरा वेळा हरून आपल्या चुका पाहिल्या, डाव बदलले, कोण शेवटच्या मिनिटाला गडबडतो ते ओळखलं. आपल्या मुलांना हे कळायच्या आत गाडीची वेळ होते.

म्हणून छोट्या विद्यापीठांना राखीव जागा द्या, ही मागणी मी करणार नाही. ती झाली तर चांगलंच, पण तेवढ्यानं काही साधणार नाही. तयारी नसलेला संघ पुढच्या फेरीत नेऊन बसवला तर तो तिथं हरेल, फक्त जास्त मोठ्या फरकानं. अमेरिकेतल्या गरीब गटाचं खरं देणं मार्चमधली ती एक जागा नव्हे. हिवाळाभर शेजारच्या, आपल्याच तोलाच्या कॉलेजांशी त्यांच्या घरी जाऊन आणि आपल्या घरी बोलावून खेळलेले सामने हे ते देणं आहे. सोलापूरला हेच हवंय. हरायला पुरेशी जागा.

आणि शेजारी आपल्याला कमी नाहीत. नकाशा काढून बघा. धाराशिव सत्तर किलोमीटरच्या आत, विद्यापीठ मात्र छत्रपती संभाजीनगरचं. लातूर सव्वाशेच्या आसपास, विद्यापीठ नांदेडचं. विजयपूर साधारण शंभर, तिथं कर्नाटकाचं अक्कमहादेवी महिला विद्यापीठ आहे. कलबुर्गी एकशे दहा-पंधरा. पुणे अडीचशे. म्हणजे कलबुर्गी पुण्याच्या निम्म्यापेक्षाही जवळ. पण कर्नाटक दक्षिण विभागात आणि आपण पश्चिम विभागात, त्यामुळं विभागीय स्पर्धेत आपली त्यांच्याशी कधी गाठच पडत नाही. सोलापूरच्या बाजारात रोज कन्नड बोलणारी माणसं भेटतात, सोयरिकी होतात, सकाळी गेलेली गाडी संध्याकाळी परत येते. मग चेंडू घेऊन गेलेला संघ का येऊ नये? मैत्रीपूर्ण सामन्यांना विभागाची आडकाठी नाही. शिवाय कलबुर्गीच्या मुलांना तिकडं बंगळुरू-चेन्नईच्या संघांसमोर हीच अडचण असणार.

आता कोणी म्हणेल, उंच पोरं कुठून आणायची? बास्केटची कडी जमिनीपासून दहा फुटांवर असते, हे खरंच. पण आपल्या जिल्ह्याकडं दुसरं भांडवल आहे. हा खो-खोचा जिल्हा. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. खो-खो खेळलेल्या मुलाला अंगाला हात लागू न देता वळणं, क्षणात दिशा बदलणं, नऊ मिनिटांच्या डावात दम राखणं शिकवावं लागत नाही. फेअरली डिकिन्सननं सात फुटी गड्याला कसं रोखलं? त्याच्याकडं चेंडू सहजासहजी पोचू दिला नाही. पुढून एक, मागून एक, आणि मैदानभर पाठलाग. वेळापूरच्या कोणत्याही पोराला हा खेळ दाखवला तर तो विचारेल, यात नवीन काय? खो-खोच्या मंडळींनी माझ्यावर चिडू नये. मी त्यांची मुलं पळवायला सांगत नाही. दोन्ही खेळ एका मुलाला खेळता येतात, एवढंच म्हणतो.

शेवटचा मुद्दा जागेचा, आणि इथं मला चिंचोळीच्या कारखानदारांशी बोलायचंय. बास्केटबॉलचं कोर्ट अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद. म्हणजे चारशे वीस चौरस मीटर, अधिक चहूबाजूंनी मोकळी जागा. एमआयडीसीच्या मापानं हा एक लहान प्लॉट झाला. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा पाच कोटींच्या वर असतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. त्या कायद्यातल्या यादीत ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. चिंचोळीत दोन-तीन कारखान्यांनी मिळून एक पक्कं कोर्ट केलं, वर पत्रा घातला आणि दिवे लावले तर काय होईल ते सांगतो. दिवे कोर्टाइतकेच महत्त्वाचे, कारण सोलापूरच्या उन्हात दुपारी चारला काँक्रीटवर कोणी उभं राहू शकत नाही, आणि मुलं मोकळी होतात ती संध्याकाळी. तिथं कॉलेजचा मुलगा येईल, आणि ज्याला विद्यापीठाची जर्सी कधीच मिळणार नाही तो आयटीआयचा शिकाऊ पोरगाही येईल. विद्यापीठाच्या संघाला सरावासाठी समोर कोणीतरी लागतंच. वीस-बावीस वर्षांचा, दिवसभर मशिनवर उभा राहणारा, हट्टी शिकाऊ कामगार याहून चांगला प्रतिस्पर्धी मला दिसत नाही.

मुलींसाठी वेळ राखून ठेवा, आणि तीही उजेडाची. रात्री आठनंतरची वेळ देऊन मुली येत नाहीत अशी तक्रार करणारे महाभाग मी पाहिले आहेत. परत जायला गाडीची सोय करा. कोंडी, पाकणी, केगाव हे अंतर फार नाही, पण हायवेच्या कडेनं अंधारात चालत जायचं ते अंतर नव्हे.

संघ जमवणं, दुसऱ्या गावच्या संघाला जेवू घालणं, पंच बोलावणं, हे सगळं कॉलेजांचे क्रीडा संचालक करू शकतात. त्यांना मी ओळखतो. ही माणसं एका फोनवर कामाला लागतात, मात्र प्रवासभत्त्याचं बिल मंजूर करणारं कोणीतरी पाठीशी हवं. पहिल्या वर्षी पाच गावांचे संघ, प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे संघाला आठ सामने. त्यातले सहा हरलो तरी चालेल. ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर पश्चिम विभागाच्या आधी उरकतं. पुढं जानेवारीत करायचं ठरलं तर मात्र संक्रांतीचा आठवडा सोडा. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली असताना सोलापूरची पोरं सरावाला येणार नाहीत, आणि प्रशिक्षकही नाही.