पावसाचे गणित मांडणारे कुलगुरू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. तरी डॉ. वसंत गोवारीकरांविषयी दोन शब्द सांगते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. आपल्या लातूर-नांदेडकडे पावसाचा अंदाज किती मोलाचा, हे बायकांना सांगायला नको.

१९३३ साली पुण्यात जन्मलेले गोवारीकर इंग्लंडात शिकून परतले. थुंब्याला त्यांनी अग्निबाणांच्या घन इंधनावर काम केले. १९८८ साली त्यांच्या पुढाकाराने हवामान खात्याने उष्णता, वारे, हिमालयावरील बर्फ अशा सोळा गोष्टी पाहून पावसाचा अंदाज सांगणे सुरू केले. १९९५ ते १९९८ ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. २००८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले; २०१५ साली ते गेले.

२००२ साली तो अंदाज चुकला, दुष्काळ पडला. मग उपयोग काय, असे कोणी म्हणेल. पंचांगातला पाऊस चुकला तर हिशेब कोण मागतो? हा अंदाज आकड्यांत होता, म्हणून चूक दिसली आणि पुढल्याच वर्षी खात्याने नवी पद्धत घेतली.

भगिनींनो, येत्या मृगापासून आपणही मंडळाच्या अंगणात पाऊस मोजून वहीत मांडू या. मुलींच्या हातीच ती वही देऊ.