उजळणीचे अंतर

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. रुग्णांची सेवा करता करता त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. आज जळगाव-धुळ्याच्या ज्या तरुणास ती शिकावयाची आहे, त्याची खरी कसोटी स्मरणाची आहे. चिनीत बाराखडी नाही. वृत्तपत्र वाचण्यास दोन-तीन हजार चिन्हे ओळखावी लागतात. ‘मा’ या उच्चाराचा केवळ सूर बदलला की आईचा घोडा होतो!

परीक्षेच्या आदल्या रात्री घोकावे आणि सकाळी ओकावे, ही रीत येथे निरुपयोगी ठरते. विस्मरणाचा वेग प्रारंभी किती असतो, हे जर्मन संशोधक एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये मोजून दाखविले. उपाय साधा आहे. कार्डाच्या एका बाजूस चिन्ह, दुसऱ्या बाजूस अर्थ व उच्चार लिहावा. अर्थ आठवला, तर ते कार्ड तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने पाहावे. चुकला, तर उद्याच. मात्र कार्ड उलटण्यापूर्वी मनाला ताण द्यावा. त्या ताणानेच स्मरण दृढ होते.

आपल्याकडे संथा दिल्यावर आवृत्तीचा आग्रह असे, तो उगाच नव्हे. रोज आठच नवी चिन्हे घेतली, तरी वर्षात २,९२० होतात. नवे पाठ एखादे दिवशी थांबले तरी चालेल. उजळणी थांबता कामा नये.