मेल अचानक बंद पडला तर?

आजचा एपिसोड छोटा, पण कामाचा.

म्हसावदमध्ये ओळखीचे एक काका आहेत, पपईचा व्यापार करतात. बिलं, ऑर्डरी सगळं थंडरबर्डमध्ये. परवा सकाळी मेल येणं एकदम बंद. काका म्हणाले, "कनेक्टच होत नाही रे, काढून परत टाकू का?"

थांबा! आधी काही डिलीट करायचं नाही. पॉप सेटिंग असेल, तर जुने मेल फक्त त्याच कॉम्प्युटरवर असू शकतात.

क्रमाने बघा. ब्राउझरमध्ये जीमेल उघडतंय? म्हणजे नेट आणि अकाउंट ठीक. मग तारीख-वेळ बघा. ती चुकली तर सर्व्हरचं सर्टिफिकेट नाकारलं जातं. मग पोर्ट: आयमॅपला ९९३, मेल पाठवायला ४६५ किंवा ५८७.

काकांचं हे सगळं बरोबर होतं. मग अडलं कुठे? ३० मे २०२२ पासून गूगलने अशा प्रोग्राममध्ये नुसत्या नेहमीच्या पासवर्डने लॉगिन करणं बंद करायला घेतलं. म्हणून काकांकडे १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड होता. आदल्या रात्री मुलाने मोबाइलवरून मुख्य पासवर्ड बदलला. तो बदलला की ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात! नवा बनवून टाकला, मेल सुरू.

आणि हो, अशा वेळी नेटवर सापडलेल्या 'हेल्पलाइन'ला फोन करू नका. ओटीपी तर कुणालाच सांगू नका. घरात कुणाचा मेल अडलाय? आधी एवढंच विचारा: पासवर्ड कुणी बदलला का?